इथेनॉलमुळे खरंच प्रदूषण कमी होतंय का?

कृष्णाकाठ:
ई-२० पेट्रोलला (म्हणजे २० टक्के इथेनॉल, ऊस-मक्यापासून केलेलं अल्कोहोल, मिसळलेल्या पेट्रोलला) हल्ली जो तो शिव्या देतोय म्हणून ऊसवाल्याची बाजू मांडतो. २०१४ ला पेट्रोलमध्ये जेमतेम दीड टक्का इथेनॉल होतं, २०२५ ला २० टक्क्यांवर गेलं. आमच्यासाठी याचा अर्थ उसाचं बिल वेळेत निघणं. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, कायद्याने १४ दिवसांत द्यायची असते, पण साखर गोडाऊनला पडून राहिली तर कारखाना देणार कुठून, साखरेचा किमान विक्री दर २०१९ ला किलोला ३१ रुपये ठरला तो पुढं कित्येक वर्षं हललाच नाही आणि एफआरपी मात्र वाढत गेली. इथेनॉलचा पैसा लवकर येतो. शिवाय ऊस वाढताना हवेतला कार्बन ओढतो तोच जळताना बाहेर पडतो, कारखान्याचा बॉयलर चिपाडावर चालतो. नीती आयोगाच्या अभ्यासात उसाच्या इथेनॉलचं उत्सर्जन पेट्रोलपेक्षा ६५ टक्के कमी आलंय, मक्याचं ५० टक्के. मग विरोध कशाला?

मांजराकाठ:
दादा, विरोध पाण्यासाठी. त्याच नीती आयोगाने उसाच्या एक लिटर इथेनॉलला साधारण २,८६० लिटर पाणी लागतं असंही लिहिलंय. मी लातूरची. एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी घागरी घेऊन रांगेत होते. ते तुमच्याच कृष्णेचं पाणी, उपकार विसरले नाही. पण कार्बन वाचवायला आमच्या बोअर आटवायच्या का? मराठवाड्यात नवीन डिस्टिलरीला (इथेनॉल काढायच्या कारखान्याला) परवानगीच देऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

हिशोबी:
मी पैशाचं बोलतो. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, त्यामुळे लिटरला लिटर लावून स्वस्त म्हणणं चूक. २०२४-२५ ला मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१.८६ रुपये होता, पेट्रोलच्या ताकदीत मोजला तर १०७ च्या वर जातो, म्हणजे तेव्हा मुंबईत पंपावर करासकट पेट्रोल मिळायचं त्याहून महाग!! एवढा पैसा इलेक्ट्रिक एसटीत घाला, धूर जास्त कमी होईल.

पोल्ट्रीवाला:
मक्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो. डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, सगळी ओढ मक्यावर आली, आणि मका निर्यात करणारा देश २०२४ ला आयात करायला लागला. मकावाल्याला भाव मिळाला याचं दुःख नाही, तोही आपलाच, पण खाद्याचा वाढलेला खर्च आम्ही कुठून भरायचा?

कृष्णाकाठ:
ताई, पाण्याचं मान्य. पण मळीच्या इथेनॉलसाठी शेतात वेगळं पाणी लागत नाही, ऊस साखरेसाठी लावलेलाच असतो. २०२४-२५ ला सी-हेवी मळीच्या (साखर काढून शेवटी उरते त्या मळीच्या) इथेनॉलला लिटरला ५७.९७ रुपये आणि थेट उसाच्या रसाच्याला ६५.६१ दिले. रस वळवला की साखर जाते म्हणून जास्त दर, हे कळतं, पण मग कारखाना तिकडंच पळणार की. मळीचा दर वाढवा ना. आणि ऊसच नको म्हणाल तर माझ्या दोन एकरांत काय लावू सांगा, हमखास खरेदी दुसऱ्या कशाची आहे?

मांजराकाठ:
हेच तर म्हणतेय. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आमच्याकडे आडतीत चार हजाराच्या आसपास घालावं लागलं. सोयाबीन-तुरीला उसासारखी खरेदीची हमी द्या, माझे दीर उद्या ऊस मोडतील.