‘कॉम्प्रेशन कमी’ म्हणजे नक्की काय कमी?

प्रश्न

टर्बोसाठी (सिलिंडरमध्ये हवा दाबून भरणाऱ्या यंत्रासाठी) इंजिन पुन्हा बांधताना पिस्टन कसे निवडावेत, यावर मराठीत लेख लिहितो आहे. उदाहरण टोयोटा सुप्राचं घेतलंय. २,९९७ सीसीचं तेच इंजिन दोन रूपांत मिळायचं: बिनटर्बोचं २जेझेड-जीई, कॉम्प्रेशन १० : १ चं, आणि टर्बोचं २जेझेड-जीटीई, ८.५ : १ चं. मी लिहिलं, ‘टर्बोसाठी कॉम्प्रेशन कमी असलेलं इंजिन बरं.’ ओळखीच्या मिस्त्रींनी वाचलं आणि म्हणाले, “कॉम्प्रेशन कमी असलेलं इंजिन म्हणजे कामाला आलेलं इंजिन. ते बरं कसं?” मग योग्य शब्द कोणता? आणि पिस्टनला ‘दट्ट्या’ म्हणावं का?

उत्तर

मिस्त्रींचं खरं आहे. गॅरेजमध्ये ‘कॉम्प्रेशन’ म्हणजे दाब. प्लग काढून तिथे गेज लावायचा, स्टार्टर मारायचा आणि काटा कुठवर चढतो ते बघायचं. रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसले की काटा अर्ध्यातच थांबतो. मग ‘कॉम्प्रेशन उतरलंय’ म्हणतात. ते इंजिनाच्या तब्येतीबद्दलचं बोलणं झालं.

तुम्हाला म्हणायचंय ते जागेचं माप. पिस्टन तळाला असताना त्याच्या वरची एकूण जागा, भागिले पिस्टन वर पोचल्यावर उरलेली जागा. रिंगा झिजल्या म्हणून हे माप बदलत नाही. पाठ्यपुस्तकी शब्द ‘संपीडन गुणोत्तर’. तो सुरुवातीला एकदा द्या, पुढे ‘कॉम्प्रेशन रेशो’ लिहा. पण ‘रेशो’ कधीही गाळू नका. सगळा घोटाळा तो गाळल्यानेच होतो.

तुमच्याच उदाहरणात बघा. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) तोही ८६ मिमी, म्हणजे सहापैकी एका सिलिंडरचे ४९९.५ सीसी. १० : १ साठी वर ५५.५ सीसी जागा उरायला हवी, ८.५ : १ साठी ६६.६. फरक जेमतेम ११ सीसीचा, चहाचे दोन चमचे. ही जागा पिस्टनच्या माथ्याला खोलगटपणा देऊन काढतात. म्हणून ‘लो कॉम्प्रेशन पिस्टन’ऐवजी मी ‘खोलगट माथ्याचा पिस्टन’ लिहीन. वाचणाऱ्याला वस्तू डोळ्यांसमोर दिसते.

काहीजण पिस्टन न बदलता जाड हेड गॅस्केट (सिलिंडर आणि वरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधला पत्रा) घालतात. या बोअरला ११ सीसी काढायला गॅस्केट सुमारे १.९ मिमीने जाड लागेल. त्याने पिस्टनची कड आणि हेड यांच्यातली अरुंद फट मोठी होते. त्या फटीतून हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जाऊन मधे उसळतं आणि चांगलं घुसळलं जातं; तेच मंदावलं की नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण आपोआप पेटण्याचा, धोका पुन्हा वाढतो; तो टाळायलाच तर रेशो उतरवलेला असतो. लेखात हे जरूर घ्या.

आणखी एक उत्तर

‘दट्ट्या’ मराठी विश्वकोशात आहे, शब्दही चांगला आहे. पण आज दट्ट्या म्हटलं की पिचकारी नाहीतर इंजेक्शनची सिरिंज आठवते. पिस्टनच लिहा. ‘कास्ट’साठी मात्र ‘ओतीव’ बिनधास्त वापरा. ‘फोर्ज्ड’ला ‘घडीव’ चालेल, पण ‘घडीव’ म्हटलं की आधी दगड आठवतो. पहिल्या वेळी ‘दाबाखाली घडवलेला’ असं उलगडून सांगा.

आणि नुसतं ‘फोर्ज्ड’ म्हणून थांबू नका, मिश्रधातूही सांगा. ४०३२ आणि २६१८ हे ॲल्युमिनियमचे दोन मिश्रधातू. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं. तो कमी फुगतो, त्यामुळे बोअरमधली फट कमी ठेवता येते. २६१८ मध्ये सिलिकॉन अगदी थोडं. तो जास्त मार सोसतो पण तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून फट मोठी ठेवावी लागते आणि गार इंजिन सुरू केल्यावर थोडा वेळ टकटक ऐकू येते. तिला ‘नॉकिंग’ लिहू नका. रॉडचं बेअरिंग गेल्याचा आवाजही लोक नॉकिंग म्हणतात, आणि ठिणगीच्या ज्योतीची वाट न बघता उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं तेही नॉकिंग. टर्बोच्या लेखात हा शब्द फक्त शेवटच्या अर्थाला राखून ठेवावा.

प्रश्नकर्ता

फार उपयोग झाला. मग रेशो ७.५ वर नेला की आणखी सुरक्षित, असं लिहू का? आणि एक बार बूस्टला (टर्बोने दिलेल्या जादा दाबाला) ‘प्रत्यक्ष रेशो १७’ असंही वाचलंय.

उत्तर

दोन्ही नको. ऑटो चक्राच्या (पेट्रोल इंजिनाच्या चक्राच्या) आदर्श गणितात १० ला कार्यक्षमता सुमारे ६० टक्के, ८.५ ला ५७.५, ७.५ ला ५५. रेशो उतरवाल तितकं टर्बो फिरू लागेपर्यंत इंजिन मरगळलेलं वाटेल. बूस्ट किती, पेट्रोलचा ऑक्टेन (नॉकिंग टाळण्याची क्षमता) किती, इंटरकूलर हवा किती गार करतो, हे धरून आकडा ठरतो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी आजची टर्बो इंजिनं १० : १ च्या आसपासही चालतात.

एक बार बूस्ट म्हणजे वातावरणाचा धरून आत येणाऱ्या हवेचा दाब सुमारे दोन बार. तो दाब म्हणूनच सांगा. ८.५ ला दोनाने गुणून ‘१७’ म्हटलं की मापाच्या शब्दात पुन्हा दाब घुसला.

आणखी एक उत्तर

पिस्टनच्या डब्यावरच्या ‘८.५’वर विसंबू नका, हेही लिहा. बोअर मारून ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन घातला आणि वरची जागा तीच ६६.६ सीसी राहिली, तर रेशो ८.५९ होतो. हेडला फेस मारला (खालची बाजू घासून सपाट केली) असेल तर आणखी चढतो. हेड उलटं समपातळीत ठेवा, प्लग आणि व्हॉल्व्ह बसवा, वर भोकाची ॲक्रिलिक पट्टी ग्रीसने चिकटवा आणि ब्युरेटने पातळ तेल सोडून किती सीसी मावतं ते मोजा. पिस्टनच्या माथ्याचा खोलगटपणाही तसाच मोजता येतो.