बोस्टन लॉजचं उदाहरण बघा

जुन्या रेल्वेगाड्यांच्या दुरुस्तीत ‘स्वयंसेवकांनी फार तर डबे रंगवावेत, खरं काम कारखान्यानंच करावं’ असं एक मत मांडलं जातं, ते मला अजिबात पटलं नाही. वेल्समधल्या फेस्टिनिऑग रेल्वेचं बोस्टन लॉज वर्कशॉप बघा. जागा रेल्वेच्याही आधीची, पोर्थमॅडॉगचा समुद्रबांध घालताना तिथे मजुरांच्या बराकी होत्या. रेल्वे १८३६ सालची. १९४६ला ती बंद पडली आणि १९५५मध्ये पुन्हा धावली ती प्रामुख्याने हौशी माणसांच्या जिवावर. पगारी कारागीर आहेतच, पण त्यांच्या बरोबरीने स्वयंसेवकही राबतात. १८७९ साली इथेच बांधलेलं, दोन्ही टोकांना धुराडं असलेलं ‘मेर्डिन एम्रिस’ इंजिन अजून त्यांच्याकडे आहे.

आता रंगाचं. लाकडी डबा बाहेरून ठणठणीत दिसतो, पण खिडकीची काच दारात खाली सरकते ना, तिच्याबरोबर पावसाचं पाणीही आत उतरतं. तळाची आडवी पट्टी आतून कुजते. पत्रा काढून, कुजका भाग छाटून, तिथे नवं लाकूड सांध्यात बसवायचं आणि जुनं जमेल तेवढं वाचवायचं. या कामाला घाई चालत नाही, म्हणूनच ते हौशी हातांना मानवतं. बॉयलरचं मात्र वेगळं, तिथे तज्ज्ञ आणि कडक तपासणी हवीच.

अशा जुन्या वर्कशॉपच्या इमारतीबद्दल एवढंच म्हणेन, की तिथलं काम नव्या शेडमध्ये हलवून तिचं नुसतं संग्रहालय करू नये. आपल्या नेरळ-माथेरानचा रूळही फेस्टिनिऑगसारखाच साधारण दोन फुटी. तिथे असं काही उभं राहणार असेल तर मी यायला तयार आहे.