मदत हवी आहे: चर्चच्या पार्किंगचा झाडं अन् लाइटचा प्लॅन कसा तपासायचा? (रविवारच्या आत सांगा)

मीच_तो_बँकवाला
नमस्कार मंडळी. आमच्या चर्चचं पार्किंग वाढवायचं चाललंय, मागची मोकळी जागा घ्यायची. आर्किटेक्टनं दोन पीडीएफ पाठवल्यात, एक झाडांची अन् एक लाइटची. कमिटीत मी बँकेतला म्हणून पाळकसाहेब म्हणले तुम्हीच बघून सांगा. रविवारी उपासनेनंतर मीटिंग आहे. नेमकं काय बघायचं ते सांगा, 'सगळं नीट बघा' असं नको.

वायरमन_काका
गाव कोणतं, जागा किती, पोल किती, उंची किती? काहीच लिहिलं नाही, आम्ही काय पंचांग बघून सांगावं का.

मीच_तो_बँकवाला
जालना. गावानं काय फरक पडतो?

वायरमन_काका
फरक पडतो म्हणून तर विचारायलोय. काळी माती असल तर पावसात फुगती अन् उन्हाळ्यात भेगाळती. आमच्याकडं एका ग्राउंडवर दोन फुटाचे खड्डे घेऊन पोल उभे केले, दोन पावसाळ्यांत असे कलले की चारी दिशांना रामराम घालायलेत. फाउंडेशनचं ड्रॉइंग मागा.

सोलरप्रेमी
सोलर लावा, विषय संपला. लाइटबिल नाही, केबल नाही.

वायरमन_काका
झाडाखाली सोलर? पॅनलवर सावली अन् कावळ्याची शिट, रात्री दहाला अंधार.

जुना_जालनेकर
पाळक नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या जालन्याजवळच्या बेथेल गावचं चर्च का हे? त्यावर वेगळा धागा काढा राव.

मीच_तो_बँकवाला
नाही हो, आमचं गावातलं. हे घ्या: जागा २७ बाय ४५ मीटर, काळी माती, ४० गाड्या, ६ मीटरचे ८ पोल, लाइटचा रंग ६५०० केल्विन. झाडं २२, बहावा अन् सप्तपर्णी. शेजारी घरं आहेत.

रोपवाला_दादा
कोनोकार्पस लावा, वर्षात हिरवंगार, पाणी कमी. रोपं मीच देतो.

वाटीवाली_ताई
दादा, त्याच्या मुळ्या पाइपलाइनीत शिरतात, गुजरातनं २०२३ मध्ये बंदी घातली, तुम्ही अजून विकायलात व्हय! बँकवाले दादा, बहावा दिसायला देखणा पण ऐन उन्हाळ्यात पानं गाळून फुलतो, गाड्यांना सावली शून्य. सप्तपर्णी दिवाळीच्या आसपास फुलते, रात्री त्या वासानं काहींचं डोकं धरतं. कडुनिंब नाहीतर करंज घ्या, तेही पश्चिमेच्या कडेला, दुपारचं ऊन तिकडून येतं. बुंध्याला चार बाय चार फूट माती मोकळी ठेवा, पेव्हर थेट खोडापर्यंत नको.
आता मुख्य. दोन्ही शीट एकाच स्केलला प्रिंट करा, 'फिट टू पेज' केलं की स्केल गेलं. प्लॅनवर झाड रोपाएवढं गोल काढतात. वाढल्यावर झाड ८ मीटर रुंद पसरलं अन् स्केल १:१०० असेल, तर कागदावर ते ८ सेंमी रुंद, घरातली भाजीची वाटी उपडी ठेवून प्रत्येक झाडावर गोल काढा. मग दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरा. पोल गोलाच्या आत आला की त्याचा उजेड पानांतच अडकणार.

वायरमन_काका
हे भारी सांगितलं ताई. लाइटचं मी सांगतो. ६५०० पांढराफक्क असतो, शेजाऱ्यांच्या खिडकीत घुसतो, ३००० म्हणजे पिवळसर घ्या अन् फिटिंगचं तोंड खाली. सरासरी लक्स (जमिनीवर पडणाऱ्या उजेडाचं माप) कितीही असू द्या, सगळ्यात अंधारा कोपरा किती लक्सचा ते विचारा.

गाडीवाला
पार्किंगला पैसे घेणार का? लग्नाच्या दिवशी तरी घ्या.

मीच_तो_बँकवाला
वाटी फिरवली. बायको म्हणती जेवायला वाटी राहिली नाही. ८ पैकी ५ पोल वाटीच्या आत!! दोन्ही शीट वेगवेगळ्या माणसांनी काढल्यात वाटतं. अन् एक गोष्ट, कोपऱ्यातला जुना कडुनिंब, ज्याच्या खाली लोक आत्ताही टू-व्हीलर लावतात, तो शीटवर नाहीच. तिथं १७ नंबरची गाडी उभी केलीय.

वाटीवाली_ताई
म्हणजे तोडायचं गृहीत धरलंय. शहरात झाड तोडायचं तर महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडं जपायच्या कायद्यानं परवानगी लागते. १७ नंबर उडवा, निंब ठेवा.

मीच_तो_बँकवाला
उडवतो. पोल आतल्या रांगेत सरकवायला सांगतो. वाटी परत केली.

सोलरप्रेमी
मग सोलरचं काय ठरलं?