आवडता रंग कोणता? तुम्ही काय सांगितलंत?

गेल्या आठवड्यात मैत्रिणीने वीस प्रश्न पाठवले. खाली एवढंच, "वेळ मिळेल तशी उत्तरं दे, पण खरी दे." आवडीनिवडी, आठवणी, स्वप्नं, असा साधाच मामला. म्हटलं दहा मिनिटांचं काम. पहिला प्रश्न आवडत्या रंगाचा. मी न थांबता 'निळा' लिहिलं. शाळा सुटताना स्लॅमबुकं भरली तेव्हापासून माझं उत्तर निळाच आहे. मग सहज कपाटाकडे लक्ष गेलं. दार अर्धवट उघडं होतं आणि आत शेवाळी, मेंदी, पोपटी, बाटलीचा हिरवा. निळं म्हणाल तर एक ओढणी, तीही कुणीतरी दिलेली, अजून घडी न मोडलेली. म्हणजे पंचवीस वर्षं मी सांगतेय एक आणि विकत घेतेय भलतंच! 'निळा' खोडून 'हिरवा' लिहिताना चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं.

वीस प्रश्नांना मला चार दिवस लागले. तुम्हाला कुणी असे प्रश्न विचारले असतील तर कुठे अडलात, काय लपवलंत, पुढे काय झालं ते लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

*

माझा शाळेपासूनचा मित्र दर रविवारी फोन करतो. निवृत्तीनंतर आमचे बोलायचे विषय दोनच उरले होते, गुडघे आणि रक्तदाब. म्हणून त्यानेच पद्धत पाडली, दर फोनला एक प्रश्न. आवडतं गाणं, आवडते शिक्षक, पोट दुखेपर्यंत हसलो तो प्रसंग, एकट्याने केलेला पहिला प्रवास. मी उत्तरं एका जुन्या डायरीत टिपून ठेवतो. तीसेक झाल्यावर चाळून पाहिली, तर बहुतेक सगळं वयाच्या पंधरा ते पंचविशीतलं! ही डायरी बायकोच्या हाती लागली. तिने चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "लग्न सत्ताविसाव्या वर्षी झालं ना आपलं? त्यानंतर काहीच आवडलं नाही वाटतं?"

मला उत्तर सुचेना. मुलगी मानसशास्त्र शिकवते, तिने वाचवलं. उतारवयाकडे झुकलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या, की साधारण 10 ते 30 या वयातल्या प्रमाणाबाहेर जास्त निघतात. त्याला 'रेमिनिसन्स बम्प' म्हणतात, म्हणजे आठवणींचा उंचवटा. त्या वयात कितीतरी गोष्टी पहिल्यांदाच घडतात आणि आपण कोण हेही तेव्हाच ठरत असतं, असं कारण देतात म्हणे. बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तीसपर्यंत ना? मग त्यातली तीन वर्षं माझी होती की," म्हणाली आणि डायरी परत दिली.

पुढच्या रविवारचा प्रश्न होता आवडता पाऊस. मी बराच विचार करून साठाव्या वर्षीचा सांगितला. बायको त्याच खोलीत बसली होती, हेही कबूल करतो.

*

"तुझं स्वप्न काय?" याच्यापुढे मी कायम 'जगप्रवास' लिहितो. मला बसमध्ये अर्ध्या तासात उलट्या सुरू होतात. आजवर कुणीही पकडलेलं नाही.

*

पहिली आठवण विचारली की माझी ठरलेली होती. अंगणात पाण्याने भरलेलं पिंप, मी वाकून त्यात आभाळ बघतेय आणि मागून कुणीतरी फ्रॉकचा पट्टा धरून खेचतं. परवा मैत्रिणीला हे रंगवून सांगत होते, ताई शेजारीच होती. म्हणाली, "पिंपात वाकलेली मी. खेचलं आईने. तू तेव्हा पाळण्यात होतीस."

मी वाद घातला. पट्टा पोटाला काचला ते मला आठवतं, पाण्याचा गारवा नाकाला लागला तो आठवतो! आईला विचारलं, तर ताईचं बरोबर. मी तेव्हा आठ महिन्यांची. आणि तीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी बहुतेक कुणालाच आठवत नाही. घरात इतक्यांदा ऐकला की प्रसंग माझा झाला, गारव्यासकट.

मग खरी पहिली कोणती? दोन दिवस शोधल्यावर हाती लागली ती दाराच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी आणि तिच्यात वरखाली होणारी धूळ. बाकी काहीच घडत नाही. मैत्रिणीला तीच लिहून दिली. ताई म्हणते, पिंपाची तूच ठेव, मला कुठे आठवतेय.

*

सगळे इतक्या कौतुकाने लिहिताहेत, म्हणून जरा दुसरी बाजू. कॉलेजात असताना एका जवळच्या मित्राने रात्री गच्चीवर विचारलं, सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते? मी सांगितलं. आठवड्याच्या आत ते चारचौघांत माझं टोपणनाव झालं. कशाची ते इथेही लिहिणार नाही. तेव्हापासून नियम एकच, आधी तू सांग. नुसतं विचारणारा आणि स्वतःचं काही न सांगणारा भेटला की मी आवडता रंग सांगून सुटतो. निळा.

*

'आधी तू सांग' वरून आठवलं. आर्थर ॲरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर केलेला एक प्रयोग 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसांच्या जोड्या लावून त्यांना 36 प्रश्न दिले, बाराबाराचे तीन गट, आधी वरवरचे आणि मग हळूहळू आतले. पाऊण तासाचा मामला, आणि उत्तरं दोघांनीही द्यायची. नुसते गप्पांचे विषय दिलेल्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना एकमेकांबद्दल जास्त जवळीक वाटली. हल्ली हे प्रश्न 'प्रेमात पाडणारे' म्हणून फिरवतात, पण ॲरन यांना तपासायची होती ती जवळीक.

आम्ही दोघी बारा वर्षांच्या मैत्रिणी. आपल्याला यात काय नवीन कळणार, म्हणत बसलो. तिसऱ्याच प्रश्नाला गाडी थांबली. फोन करण्याआधी काय बोलायचं याची तालीम करतेस का? मी "छे!" म्हटलं. ती म्हणाली, "नेहमी. कागदावर मुद्दे काढते."

"मला करतानासुद्धा?"

"तुला करताना जास्तच. तू उचलल्या उचलल्या 'बोल पटकन' म्हणतेस."

मी असं म्हणते हे मला माहीतच नव्हतं. तिने पर्समध्ये शोधून एक चिठ्ठी दाखवली, गेल्या मंगळवारच्या फोनची. विजेच्या बिलाच्या पाठीवर, बारीक अक्षरात. एक, तब्येत विचारणे. दोन, भाड्याचं. तीन, रडायचं नाही. त्या फोनवर आम्ही काय बोललो ते मी आठवून पाहिलं. तिने तब्येत विचारलेली तेवढी आठवली.

उरलेले तेहतीस प्रश्न तसेच राहिले.

*

माझी गंमत वेगळीच. मित्राने प्रश्नांची यादी पाठवली, त्यात शेवटचा, "तुझं स्वप्न सविस्तर लिही." मी लिहिलं, अगदी सविस्तर. परीक्षेचा हॉल, शेवटची दहा मिनिटं, उत्तरपत्रिका कोरी, पेन उठत नाही आणि मी अभ्यास करून गेलोय तो विषयच दुसरा. शिक्षण संपून वीस वर्षं झाली, तरी महिन्यातून एकदा पडतंच. वाचून त्याचा फोन, हसून हसून बेजार. "अरे गाढवा, आयुष्यात काय करायचंय ते विचारलं होतं!"

आता आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द, त्याला मी काय करू?

हसू ओसरल्यावर जरा थांबून म्हणाला, "मी असतो का रे त्यात?"

"असतोस की. पुढच्याच बाकावर. हात वर करून दुसरी पुरवणी मागत असतोस."