पणजीतलं 'धरोहर' पाहून: शेखाडीचं दालन हवं की नको?

सावंतवाडीकर: रविवारी पोरांना घेऊन पणजीला मांडवीकाठच्या निळ्या इमारतीत जाऊन आलो. पोर्तुगीजांच्या वेळचं जकातघर, आता तिथे कस्टम्सचं 'धरोहर' संग्रहालय आहे. नेपाळ सीमेवर रक्सौलला पकडलेलं 'ऐन-ए-अकबरी'चं हस्तलिखित आहे. पण पोरं काचेला नाक लावून उभी राहिली ती तस्करांच्या लपवाछपवीच्या युक्त्या बघायला. जरूर जा. माझं म्हणणं एवढंच, की पकडलेल्या मालासारखी सुटलेल्या मालाचीही गोष्ट सांगायला हवी. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. लाच खाऊन वाट मोकळी करणाऱ्या कस्टम्सवाल्यांना आणि पोलिसांना टाडा (दहशतवादविरोधी कायदा) कोर्टाने दोषी ठरवलं. याचं एक दालन आपल्या किनाऱ्यावर हवंच.

श्रीवर्धनकर: साफ विरोध. गावाचं नाव सांगितलं की लोक आजही आधी तेच विचारतात. २६/११ नंतर खलाशांना बायोमेट्रिक कार्डं आली. माझा भाऊ ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बनियनच्या आत ठेवतो, मग होडीत पाय टाकतो. पैसे खाल्ले कोणी, आणि तपासणी रोज कोणाची? त्यात आता बसभर पर्यटक आणून आमचीच वाळू दाखवणार?

सावंतवाडीकर: दादा, दालन नाही म्हणूनच संशयाचं बोट गावाकडे जातं. कोर्टाने कोणाला दोषी धरलं ते भिंतीवर लिहिलं, तर ते बोट जागेवर जाईल.

बांदेकर: तुम्ही दोघंही १९९३ धरून बसलात. आमच्याकडे १९६१ पर्यंत पोर्तुगीज गोव्याची खरीखुरी सरहद्द होती! आजीचं माहेर गोव्यातल्या पेडण्याचं, बांद्याहून हाकेच्या अंतरावर. भाऊ वारला तेव्हा नाक्यामुळे तिला जाता आलं नाही. बाराव्याचा नैवेद्य तिने इथेच, पेडण्याकडे तोंड करून ठेवला. १५ ऑगस्ट १९५५ ला त्याच सरहद्दीवर पत्रादेवीला पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. सीमा राखणं म्हणजे नुसतं सोनं पकडणं नव्हे. दालन करायचंच तर तिथून सुरू करा.

श्रीवर्धनकर: पत्रादेवीचं करा, मी स्वतः येईन. शेखाडीचं करायचं तर आधी कोळीवाड्यात येऊन विचारा, आणि फलकावर पहिली ओळ त्या अधिकाऱ्यांची येऊ दे. तोवर माझा विरोध कायम.