वहिनीच्या आजाराचं लेकरांना सांगायचं का, किती सांगायचं?

होटगीरोडची आत्या
नमस्कार, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या. वहिनीला ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलला केमो चालू झालीय. भाऊ तिच्यासोबत असतो म्हणून पोरं आमच्याकडं, मोठी 10 ची, धाकटा 5 चा. आमची आई म्हणते लेकरांपुढं त्या रोगाचं नाव काढायचं नाही, अशक्तपणा आलाय म्हणून सांगा. पण परवा धाकटा जेवता जेवता म्हणतो, आत्या मी झोपेत आईला लाथ मारली म्हणून तिला बाऊ झाला ना? काय बोलावं सुचेना मला. आणि मोठी काहीच विचारत नाही, गुपचूप भावाचा डबा भरते, शेंगाचटणी वेगळ्या डबीत, तिची आई भरायची तशी. मला तर हिचंच जास्त टेन्शन आलंय. काय करू?

सिस्टर_सोलापूर
ताई सांगाच, आणि नाव घेऊन सांगा. नाहीतर नुसतं आजारी म्हटलं की उद्या कुणाला साधा ताप आला तरी लेकरू घाबरतं. त्या वयात पोरांना खरंच वाटतं की आपल्यामुळं झालं, म्हणून धाकट्याला स्पष्ट सांगा की लाथेनं, भांडणानं, कुणाच्या रागावण्यानं कॅन्सर होत नाही आणि आईला चिकटून बसलं म्हणून तुला होणार पण नाही. एकदा सांगून भागत नाही, परत परत विचारेल, तेच परत सांगायचं. केस साधारण दोन-तीन आठवड्यांत गळायला लागतात, ते आधीच सांगून ठेवा, औषधानं गळतात, नंतर येतात. केमोनंतर 48 तास वहिनीची उलटी वगैरे मोठ्यांनीच हातमोजे घालून साफ करायची, पण मिठी मारायला काहीच हरकत नाही. हे आज्जींना पण सांगा, बऱ्याच घरात लेकरांना उगाच लांब ठेवतात.

जुना_सोलापूरकर
एवढ्याशा लेकराला कॅन्सर काय कळणार वो, खेळू द्या की त्याला.

सिस्टर_सोलापूर
काका, घरात नाही सांगितलं तर गल्लीत कुणीतरी सांगतंच, आणि ते कसं सांगतील आपल्या हातात नसतं.

रेल्वेलाईन्सची_लेक
मी मोठीबद्दल बोलते. माझ्या पप्पांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी सातवीत होते, आणि येईल तो पाव्हणा म्हणायचा किती शहाणी पोरगी, आईला केवढा आधार. ते ऐकून ऐकून मला रडायची पण चोरी झाली. शहाणी म्हणणं बंद करा ताई. डबा तुम्ही भरा, तिला हवंच असेल तर चटणी तेवढी तिला भरू द्या आणि मग खेळायला हाकला. समोर बसवून काय वाटतं असं विचारू नका, काही सांगणार नाही, भाकरी करताना नाहीतर गाडीवर मागं बसवून नेताना आपोआप बोलेल. अजून एक, आई शंभर टक्के बरी होणार असा शब्द कुणी देऊ नका, डॉक्टर औषध देतायत, काही बदललं तर तुला आधी सांगू, एवढंच म्हणा, आणि ते पाळा.

गुरुजी_पार्कचौक
वर्गशिक्षकांना कळवा प्लीज. अभ्यास मागं पडला, पोट दुखतंय म्हणून सारखं घरी जायचं म्हणाली, तर कारण माहीत असलेलं बरं. शिवाय वर्गात कुणाला कांजिण्या आल्या तर शाळा तुम्हाला लगेच सांगेल, वहिनींची प्रतिकारशक्ती कमी असताना ते महत्त्वाचं आहे, तसं झालं तर डॉक्टरांना लगेच फोन करा. पोरगी महिनाभरानंतर पण अशीच गप्प राहिली, झोप-जेवण बिघडलं तर टेलिमानस म्हणून सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, नंबर 14416, फुकट, चोवीस तास.

होटगीरोडची आत्या
सगळ्यांना थँक्यू. रात्री भावाशी बोलले, रविवारी तो आणि वहिनी दोघं मिळून सांगणारेत. आई अजून फुगून बसलीय, बघू. धाकट्याचा नवीन प्रश्न, आई नाही तर गड्ड्याला (संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा) कोण नेणार? आणि वहिनी म्हणतेय मी येते की थोडा वेळ.

सिस्टर_सोलापूर
संक्रांतीला होम मैदानावर पाय ठेवायला जागा नसते, आणि केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसात रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तारीख बघून डॉक्टरांना विचारा, त्यांनी नको म्हटलं तर तुम्ही न्या. पण कोण नेणार ते त्याला आत्ताच सांगून टाका, ते पोरगं तेवढंच विचारतंय.