ग्वामचे लोक गव्हर्नर निवडतात, मग त्यांच्या प्रतिनिधीला मत का नाही?

प्रश्न – राज्यशास्त्र शिक्षिका, लातूर

नमस्कार. अकरावीच्या वर्गात संघराज्य शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले की, अमेरिकेच्या ताब्यातील ग्वाम बेटावरचे लोक स्वतःचा गव्हर्नर निवडतात आणि आपल्याकडे मात्र राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, तर मग ग्वामची लोकशाही आपल्यापेक्षा पुढारलेली म्हणायची का? दुसरीकडे, ग्वाममधून निवडून गेलेल्या प्रतिनिधीला वॉशिंग्टनच्या सभागृहात विधेयकावर अंतिम मत देता येत नाही, असेही वाचनात आले. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा आणि तुलना करायचीच झाली तर आपल्याकडे कशाशी करावी, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर – विधी शाखेचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

मॅडम, राज्यपालांशी तुलना करू नये. ग्वामचा गव्हर्नर प्रत्यक्ष कारभार चालवतो, त्यामुळे तो आपल्या मुख्यमंत्र्यांच्या अधिक जवळचा आहे. गव्हर्नर आणि उपगव्हर्नर एकाच जोडीने चार वर्षांसाठी निवडले जातात, एका व्यक्तीला सलग दोनदाच हे पद मिळते, आणि कोणत्याच जोडीला निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर आघाडीच्या दोन जोड्यांमध्ये पुन्हा मतदान होते.

हा अधिकार मात्र फार उशिरा मिळाला. १८९८ मध्ये स्पेनकडून बेट अमेरिकेकडे आले आणि मधला जपानी ताब्याचा काळ वगळता नौदलाचे अधिकारीच तेथे राज्य करीत राहिले. १९५० च्या कायद्याने नागरिकत्व मिळाले, तरी गव्हर्नर राष्ट्राध्यक्षच नेमत. १९६८ मध्ये कायदा बदलला आणि १९७० च्या पहिल्या निवडणुकीत कार्लोस कामाचो निवडून आले. त्यापूर्वी नेमणुकीने आलेले गव्हर्नरही तेच होते.

प्रतिनिधीचे पद १९७२ च्या कायद्याने निर्माण झाले आणि १९७३ मध्ये अँतोनियो वॉन पॅट हे पहिले प्रतिनिधी झाले. या पदाची मुदत दोन वर्षांची असते. प्रतिनिधी विधेयक मांडतो, भाषण करतो, समितीत मतही देतो. मात्र विधेयक अंतिम मताला येते तेव्हा त्याचा हात मोजला जात नाही. अमेरिकी घटनेप्रमाणे ते सभागृह राज्यांतील जनतेने निवडलेल्यांचे आहे आणि ग्वाम हे राज्य नाही. १९०१ पासूनच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने अशा बेटांना घटना पूर्णांशाने लागू होत नाही, अशी भूमिका घेतली, आणि मला तरी ती आजही अन्याय्य वाटते.

विधेयकातील दुरुस्त्यांवर विचार करण्यासाठी पूर्ण सभागृह समितीच्या स्वरूपात बसते तेव्हाचे मत तर बहुमताच्या मर्जीवर अवलंबून राहिले आहे: १९९३ मध्ये ते दिले गेले, १९९५ मध्ये काढले, २००७ मध्ये परत दिले, २०११ मध्ये काढले आणि २०१९ मध्ये पुन्हा दिले. हे मत असतानाही, या प्रतिनिधींच्या मतांमुळे निकाल फिरत असेल, तर त्यांना वगळून पुन्हा मतदान घ्यावे, असा नियम आहे.

उत्तर – निवृत्त नायब तहसीलदार, परभणी

वरील मांडणी योग्य आहे. तुलना अंदमान-निकोबारशी करावी, असे मी सुचवीन. तेथे नायब राज्यपाल केंद्राकडून नेमले जातात, विधानसभाही नाही. परंतु तेथील एकमेव खासदाराचे मत लोकसभेत आपल्या मराठवाड्यातील आठ खासदारांपैकी कोणाच्याही मताइतकेच मोजले जाते आणि राष्ट्रपतींच्या निवडणुकीतही त्याला मत असते. हा खासदारसुद्धा पूर्वी राष्ट्रपती नेमत असत. लोकांनी तो प्रथम १९६७ मध्ये निवडला. म्हणजे ग्वामला घरचा कारभारी निवडता येतो पण देशाच्या निर्णयात मत नाही, तर अंदमानला देशाच्या निर्णयात मत आहे पण घरचा कारभारी निवडता येत नाही. यांपैकी एकाला सरसकट पुढारलेले म्हणता येणार नाही. दोन्हीकडे अर्धा हक्क बाकी आहे.

आपल्या भागातील मुलांना नेमलेला कारभार समजावणे अवघड जाऊ नये. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर हैदराबाद संस्थानात, म्हणजे आपल्याकडेही, आधी जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर होते, पुढे वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री म्हणून नेमले गेले आणि १९५२ च्या निवडणुकीनंतरच बी. रामकृष्ण राव यांचे लोकनियुक्त सरकार आले. आपल्याला ही वाट पाहावी लागली ती चार वर्षांहून कमी काळ. अमेरिकेच्या अमलाखाली ग्वामने ती सत्तर वर्षांहून अधिक काळ पाहिली.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

काका, आपण दिलेला अंदमानचा दाखला वर्गात नक्की वापरीन. एक शंका उरते. प्रतिनिधीला मतच नसेल, तर लोक त्याची निवडणूक मनावर घेतात का?

उत्तर – विधी शाखेचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

घेतात, आणि विचारपूर्वक घेतात. दर चार वर्षांनी ही दोन्ही पदे एकाच दिवशी मतदानाला येतात. २०२२ मध्ये गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या लू लिऑन गुरेरो यांच्याविरुद्ध फेलिक्स कामाचो, म्हणजे पहिल्या निर्वाचित गव्हर्नरांचे पुत्र, उभे होते. प्रतिनिधीपदासाठी रिपब्लिकन जेम्स मॉयलन यांच्याविरुद्ध जुडिथ वॉन पॅट, म्हणजे पहिल्या प्रतिनिधींच्या कन्या, उभ्या होत्या. दोन्ही नामवंत घराणी हरली. मतदारांनी त्याच दिवशी गव्हर्नर एका पक्षाचा आणि प्रतिनिधी दुसऱ्या पक्षाचा निवडला. वाऱ्यावर मत देणाऱ्या माणसांकडून असे सहसा होत नाही. प्रतिनिधीचे महत्त्वही खरे आहे, कारण बेटाला मिळणारा केंद्रीय निधी आणि तेथील मोठ्या लष्करी तळांचे प्रश्न समित्यांमध्येच आकार घेतात आणि तेथे त्याचे मत चालते.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीत ग्वामच्या रहिवाशांना मत नाही. तरीही १९८० पासून तेथे त्या दिवशी राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान घेतले जाते. त्याला कायदेशीर मोल शून्य आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असूनही हजारो लोक मतपत्रिकेवर आपली पसंती नोंदवतात. हक्क मिळालेला नसला तरी तो आपला आहे, हे सांगण्याचा याहून स्वच्छ मार्ग मला तरी माहीत नाही.